दोन जिने

"दोन जिने न थांबता चढता येतात का?" ऑपरेशनआधीच्या तपासणीत भूलतज्ज्ञांनी विचारलं आणि काका एकदम ताठ बसून म्हणाले, "आरामात!"

काकू शेजारीच. "अहो, परवा लिफ्ट बंद होती तेव्हा पहिल्याच मजल्यावर बुटाची लेस बांधत किती वेळ वाकून उभे होतात? चप्पल होती पायात."

डॉक्टर हसले नाहीत, त्यांचं पेन थांबलं आणि खरी तपासणी तिथून सुरू झाली. धाप लागते का, छातीत दाटतं का, झोपताना उशा किती लागतात, घोरता का... मग तोंड मोठं उघडा, मान मागे करा, एखादा दात हलतोय का तेही बघितलं (भूल देताना श्वासाची नळी घालतात, तेव्हा पडू शकतो म्हणे).

रक्त, एक्स-रे, ईसीजी झालं की फिटनेस मिळाला असंच सगळे धरून चालतात. पण ईसीजी काढतात झोपवून, तो नॉर्मल आला तरी ताण पडल्यावर हृदय कसं वागेल ते कळेलच असं नाही, म्हणून तो जिन्याचा साधा प्रश्न.

आणि काका मात्र इंटरव्ह्यूला आल्यासारखे, काहीही करून पास व्हायचं! सिगारेट? "सोडली." कधी? "काल."

ऑपरेशन पुढे जाईल या भीतीने माणसं काय काय लपवतात, रक्त पातळ करायची गोळी, कुणीतरी दिलेलं चूर्ण, सगळंच. आणि भूल तर त्याच माहितीवर द्यायची असते.

आता टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितलाय आणि काका काकूंवर रुसलेत. तुमच्या घरी डॉक्टरसमोर खरं कोण बोलतं?