बोर्गुंड आणि उर्नेस: नॉर्वेतली लाकडी चर्च

नॉर्वेला जाणारे बहुतेक जण बर्गन, फ्लॉमची रेल्वे आणि फ्योर्डमधली, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीतली, बोटीची फेरी एवढं करून परततात. फ्लॉमपर्यंत जाणारच असाल तर आणखी दोन दिवस हाताशी ठेवा. पुढे २४.५ किलोमीटरचा लेर्डाल बोगदा ओलांडला की बोर्गुंडचं चर्च फार लांब नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे चर्च अजून लाकडीच आहे.

तिथे पोचल्यावर नजर आपोआप वर जाते. एकावर एक चढत गेलेली छपरं, टोकांवरची ड्रॅगनची मुंडकी, माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी फळ्या. पण माझं म्हणणं, आधी खाली वाका. याआधीच्या चर्चचे खांब सरळ जमिनीत पुरलेले असत आणि ते बुडापासून कुजत. इथे दगडी पायावर जाड आडव्या तुळया आहेत आणि खांब त्या तुळयांवर उभे आहेत. लाकडाला ओल लागू द्यायची नाही, हेच आपल्या वाड्यांमधल्या तळखड्याचंही, म्हणजे खांबाखालच्या दगडाचंही, काम. चर्च टिकलं ते मुख्यतः या सुताराच्या अकलेमुळे, असं मला ठामपणे वाटतं. त्याला जोड पाइनच्या डांबराची: ते पुन्हा पुन्हा चोपडावं लागतं आणि त्यानेच भिंती काळ्या दिसतात. उन्हात डांबर चिकट होतं, तेव्हा भिंतीला टेकू नका. कपड्यावरचा डाग जात नाही.

आत मिट्ट काळोख असतो, उजेड येतो तो उंचावरच्या लहान गोल झरोक्यांतून. दारातून आत आल्यावर लगेच फोटो काढायला लागू नका. डोळे सरावले की खांबांमधल्या फुलीसारख्या तिरक्या पट्ट्या आणि वाकड्या लाकडाचे आधार दिसू लागतात. वाऱ्याचा जोर सगळ्या सांगाड्यात वाटला जातो तो त्यांच्यामुळे. पश्चिमेच्या दारावर रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतली अक्षरं कोरलेली आहेत, तीही शोधा. चर्चमागून विंडहेलाचा जुना दगडी घाटरस्ता सुरू होतो. पाऊस नसेल तर नक्की चाला.

मुक्कामाला लेर्डालसोयरी हे लाकडी घरांचं गाव छान आहे. दुसऱ्या दिवशी फोडनेस–मानहेलर फेरीबोटीने फ्योर्डपलीकडे जा. वाटेत कौपांगरचं चर्च लागतं. तिथून सोल्वोर्न गाठा आणि छोट्या बोटीने ऑर्नेसला उतरा. तिथलं उर्नेसचं चर्च धक्क्यापासून चढावर आहे. वयस्कर मंडळी सोबत असतील तर सावकाश जा आणि परतीच्या बोटीची वेळ आधीच बघून ठेवा. हे चर्च साधारण ११३० चं. १९७९ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. त्याच्या उत्तरेच्या भिंतीतलं कोरीव दार त्याहून जुन्या चर्चमधून आणून बसवलेलं आहे. एक सडपातळ प्राणी आणि त्याला विळखा घातलेले साप: या एका दारासमोर मी बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ उभा होतो.

दोन्ही चर्च आतून पाहायची तर उन्हाळ्यातच जा, हिवाळ्यात ती बंद असतात. स्वतःची गाडी असली की बरं पडतं. जेवण महाग आहे, डबा बांधून घ्या. बर्गनजवळचं फान्टोफ्टचं चर्च १९९२ मध्ये जाळलं गेलं, आजचं पुन्हा बांधलेलं आहे. वेळ कमी असेल तर ते गाळा. ऑस्लोच्या बाहेर पडणं जमणारच नसेल तर तिथल्या लोकसंग्रहालयात गोल नावाच्या गावाहून हलवलेलं चर्च पाहा. त्याचं बाहेरचं रूप मात्र बरंचसं बोर्गुंडवरूनच बेतलेलं आहे.