मस्त चिल आहे

कालपासून एक गोष्ट टोचतेय आणि ती इतकी फालतू आहे की कोणाला सांगायची पण सोय नाही. जेवायला बसलो होतो, स्पीकरला माझा फोन जोडलेला, आणि जमैकाच्या रेगेवाल्या बॉब मार्लीचं 'वॉर' लागलं. मी बदलायला उठले तर वहिनी म्हणाली, "राहू दे गं, मस्त चिल आहे, जेवताना बरं वाटतं." बस, एवढंच.

चिल! अगं त्या गाण्याचे शब्द म्हणजे इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी याचं भाषण आहे, १९६३ च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांत केलेलं, जवळपास जसंच्या तसं. कातडीच्या रंगाला डोळ्यांच्या रंगापेक्षा जास्त किंमत आहे तोवर युद्ध चालूच राहणार, असं. आणि त्याच वर्षी एप्रिलात जमैकात, कोरल गार्डन्सला, एका पेट्रोल पंपावरच्या हल्ल्यानंतर पोलिसांनी सरसकट रास्ताफारी पंथाच्या लोकांना धरून बडवलं, तुरुंगात टाकलं, जटा कापल्या. सरकारने माफी मागितली २०१७ मध्ये. त्या लोकांचा देव म्हणजे हाच सेलासी, त्याच्या भाषणाचं १९७६ साली गाणं झालं, आणि आम्ही त्यावर श्रीखंड वाढून घेतोय.

तिथे यातलं काहीच बोलले नाही. बोलले असते तर दादा म्हणाला असता, झालं हिचं सुरू. आई असती तर निदान... जाऊ दे.

पण लागलं का एवढं? मार्लीला काही फरक पडत नाही, तो १९८१ लाच गेला, छत्तिसाव्या वर्षी. मलाच लागलं. मला जीव तोडून आवडतं ते सगळ्यांसाठी कायम बॅकग्राउंडला, आणि खरं सांगायचं तर मी बोलते तेव्हाही तसंच असतं, माना हलतात, पापड फिरतो, विषय बदलतो. ऑफिसचं तर लिहितच नाही.

रात्री हेडफोन लावून परत ऐकलं. मार्लीचा ड्रमर कार्लटन बॅरेट, त्याचा तो वन ड्रॉप ठेका, म्हणजे पहिला ठोका चक्क रिकामा, समेवर यावं आणि तबलजीनेच हात वर उचलावा तसं, वजन पडतं ते तिसऱ्यावर. गिटार मधल्या फटींत चक् चक्. खाली बेस. शब्द न कळता कोणी ऐकलं तर पाय हलणारच की, त्यात वहिनीचा काय दोष.

आणि हे सगळं सुरू झालं ते तरी कुठे, जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनच्या गल्ल्यांमध्ये, पन्नासच्या दशकात. कॉक्सन डॉड, ड्यूक रीड असले साउंड सिस्टिमवाले, कपाटाएवढे स्पीकर लावून रेकॉर्डी वाजवायचे, एकमेकांवर कुरघोडी, ज्याचा आवाज दणदणीत त्याच्याकडे गर्दी, आणि गर्दी तिथे दारूची विक्री. तिथूनच स्का नावाचं संगीत, मग रॉकस्टेडी, मग १९६८ च्या सुमारास रेगे. लोक यायचे ते नाचायला, प्यायला, पोरी बघायला. नोट्स काढायला कोणी आलं असेल असं वाटत नाही. म्हणजे त्या गर्दीत वहिनी मजेत खपली असती आणि मी कोपऱ्यात उभी राहून बाजूच्याला सेलासी समजावत बसले असते. बिचारा बाजूचा.

आत्ता दादाचा मेसेज आला, कालची प्लेलिस्ट पाठव, गाडीत लावायचीय. चांगला मोठ्ठा मेसेज टाइप केला, कोरल गार्डन्ससकट. मग खोडला. नुसती लिंक टाकली आणि लिहिलं, बेस वाढवून ऐक. त्याचा अंगठा आला. वहिनीचे दोन.