एकाच जागेचा प्रशिक्षक

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागताना संपादक मंडळाने कळवलं होतं की आठवणीच लिहायला हव्यात असं नाही, आपल्या क्षेत्रातलं आजच्या मुलांना उपयोगी पडेल असं काही लिहिलं तरी चालेल. माझं काम अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या व्हिडिओ विभागात आहे. तिथल्या एका पेशाबद्दल शाळेतल्या मुलांना आणि क्रीडाशिक्षकांना सांगावं असं फार दिवस मनात होतं. आपल्याकडे खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल आणि स्नेहसंमेलनाची कवायत हे सगळं एकाच सरांच्या किंवा बाईंच्या खांद्यावर असतं. तिथे संघातल्या फक्त एका जागेसाठी पूर्णवेळ प्रशिक्षक असतो. ‘वाइड रिसीव्हर’ या जागेचा प्रशिक्षक हा त्यांपैकीच एक.

आधी खेळ थोडक्यात सांगतो. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हाताने फेकायचा किंवा घेऊन पळायचा. मैदान 100 यार्ड लांब, दोन्ही टोकांना 10-10 यार्डांचा गोलपट्टा, रुंदी 53 यार्डांहून किंचित जास्त. प्रत्येक बाजूला 11 खेळाडू. चढाई करणाऱ्या संघाने चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू दुसऱ्याकडे जातो. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक, आणि मैदानाच्या कडेला उभा राहून वेगाने पुढे धावणारा, फेकलेला चेंडू झेलणारा तो वाइड रिसीव्हर. त्याच्यावर नजर ठेवणारा बचावपटू म्हणजे कॉर्नरबॅक.

एका सामन्यात एका संघाच्या वाट्याला साठ-सत्तर डाव, म्हणजे वर सांगितलेले प्रयत्न, येतात. चांगला रिसीव्हर त्यांत सहा-आठ झेल घेतो. उरलेल्या डावांत तो काय करतो, यावरच त्याच्या प्रशिक्षकाची खरी लायकी कळते, असं माझं ठाम मत आहे. झेल टीव्हीवर दिसतो. चेंडू दुसरीकडे जाणार हे ठाऊक असतानाही पूर्ण वेगाने धावून दोन बचावपटूंना आपल्यामागे ओढून नेणं किंवा सहकाऱ्यासाठी कॉर्नरबॅकला अडवून धरणं, हे मुलांकडून रोज करून घेणं फार अवघड आहे.

शिकवणीची सुरुवात उभं राहण्यापासून होते. आतला, म्हणजे चेंडूच्या बाजूचा पाय पुढे, वजन बरंचसं त्याच पायावर, छाती गुडघ्याच्या वर. इशारा मिळाला की मागचा पाय पुढे पडला पाहिजे. नवखी मुलं जोर मिळावा म्हणून पुढचा पाय आधी किंचित मागे घेतात. यात निमिषभरच जातं, पण क्वार्टरबॅकची पावलं रिसीव्हरच्या पावलांशी बांधलेली असल्याने पुढचा सगळा डाव चुकतो. स्लँट नावाची धाव घ्या. मागचा म्हणजे बाहेरचा पाय पहिला, आतला दुसरा, पुन्हा बाहेरचा तिसरा; हा तिसरा पाय रोवायचा आणि तिरकं आत वळायचं. सुरुवातीला एक फाजील पाऊल पडलं की एकतर वळण चुकीच्या पायावर येतं किंवा चेंडू आधी पोहोचतो.

या धावांना ‘रूट’ म्हणतात आणि त्यांचं ‘झाड’, म्हणजे एका खोडातून फुटणाऱ्या फांद्यांसारखा तक्ता, सहसा 0 ते 9 आकड्यांनी मांडतात. बऱ्याच ठिकाणी 2 म्हणजे स्लँट, 4 म्हणजे कर्ल, 8 म्हणजे गोलखांबांकडे तिरकी धाव आणि 9 म्हणजे सरळ नाकासमोर. संघागणिक आकडे बदलतात. अंतर मात्र एका संघात ठरलेलं असतं. कर्ल साधारण 12 यार्डांपर्यंत जाऊन 10 यार्डांवर परत यायची. तिसऱ्या प्रयत्नात 11 यार्ड हवे असताना मुलाने 9 यार्डांवरच वळण घेतलं, तर झेल उत्तम होऊनही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ शकतो.

वळण हा या विद्येचा गाभा. पूर्ण वेगात असलेल्या मुलाला दोन-तीन पावलांत थांबून दिशा बदलायची असते. त्यासाठी कंबर खाली बसवावी लागते, छाती पायांच्या वर ठेवावी लागते आणि हात धावतानासारखेच हलते ठेवावे लागतात. हात थांबले किंवा छाती उंचावली की समोरच्या कॉर्नरबॅकला वळण आधीच कळतं. दुसरा दोष म्हणजे गोल वळण. कोपरा तीक्ष्ण न काढता वळसा घातला, की कॉर्नरबॅक आतून आडवा येतो आणि चेंडू त्याच्याच हातात पडतो. प्रेक्षक दोष क्वार्टरबॅकला देतात. रविवारी व्हिडिओ पाहताना मात्र खरं कारण रिसीव्हरच्या पायांशी सापडतं. खो-खोत पळती करणारा पाठलाग करणाऱ्याला हूल देताना जसा खाली बसतो आणि खांदे एकीकडे दाखवून दुसरीकडे निघतो, तसंच हे आहे. आपल्या मुलांना ही देहबोली वेगळी शिकवावी लागणार नाही.

कॉर्नरबॅक थेट नाकासमोर उभा राहून धक्क्याने अडवायला आला, तर सुटकेचं तंत्र लागतं. आधी पायांनी त्याला जागेवरून हलवायचं, मग त्याचा हात मनगटाशी झटकून खांदा त्याच्या पुढे काढायचा. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या स्पर्धेत, बचावपटूला असा अडसर साधारण पहिल्या 5 यार्डांतच घालता येतो. कॉलेजात ती मर्यादा नसल्याने तिथे मुलांना हातांचं काम जास्त शिकवावं लागतं. पण ढकलून जागा केली आणि पंचाने पाहिलं, तर 15 यार्डांचा दंड बसतो.

कडेची रेषा हा तर वेगळाच धडा. कॉलेजच्या मैदानावर यार्डांचे आकडे रंगवलेले असतात आणि त्यांचा माथा कडेच्या रेषेपासून 9 यार्डांवर येतो. हाच प्रशिक्षकाचा फूटपट्टीसारखा आधार: कोणत्या धावेसाठी आकड्याच्या आत उभं राहायचं, कोणत्या धावेसाठी बाहेर. आत वळायचं असेल तर बाहेर उभं राहून जागा ठेवायची, बाहेर वळायचं असेल तर आत. मात्र नेहमी असंच केलं तर हुशार कॉर्नरबॅक उभं राहण्यावरूनच रूट ओळखतो, म्हणून प्रशिक्षक मुद्दाम अधूनमधून उलटं करायला लावतो. सरळ धावेत मुलगा कडेकडे सरकत गेला तर क्वार्टरबॅकला चेंडू टाकायला जागाच उरत नाही. त्यासाठी बरेच प्रशिक्षक सरावात कडेपासून सुमारे 5 यार्डांवर एक रेषा धरतात आणि तिच्या बाहेर जाऊ देत नाहीत.

झेलाबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं, पण शिकवायला तो त्या मानाने सोपा. छातीच्या वरचा चेंडू: दोन्ही अंगठे आणि तर्जन्या जवळ, मध्ये चौकट. कमरेखालचा: करंगळ्या जवळ. चेंडू हातात घ्यायचा, छातीवर आपटू द्यायचा नाही. चेंडूच्या पुढच्या टोकावर नजर ठेवायची आणि तो काखेत येईपर्यंत नजर त्याच्याबरोबर न्यायची. सुटलेल्या झेलांपैकी बहुतेक झेल हात वाईट म्हणून सुटत नाहीत. मुलगा झेल पुरा होण्याआधीच पुढे कुठे पळायचं हे पाहायला मान वळवतो, म्हणून ते सुटतात. चेंडू फेकणाऱ्या यंत्रासमोर सराव करताना म्हणूनच प्रशिक्षक झेल घेतल्यावर चेंडू काखेत दाबून दोन पावलं पुढे टाकायला लावतात. कॉलेजात झेल घेताना एक पाय मैदानात टेकला तरी चालतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. एनएफएलमध्ये जाऊ पाहणाऱ्या मुलांना चांगले प्रशिक्षक पहिल्या वर्षापासून दोन पायांचीच सवय लावतात.

आठवड्याचं चक्र असं. शनिवारी सामना. रविवारी प्रत्येक डावाचा व्हिडिओ पाहून प्रत्येक मुलाला गुण द्यायचे: ठरलेलं काम केलं का, तंत्र बरोबर होतं का, जीव तोडून केलं का. या तिसऱ्या रकान्यात कानाडोळा करणारा प्रशिक्षक पुढच्या महिन्यात नक्की अडचणीत येतो. मंगळवार-बुधवारी कस लावणारा सराव, गुरुवारी हलका, शुक्रवारी चालत उजळणी. हंगामात खेळाडूंना खेळाच्या कामासाठी आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त वेळ अडकवता येत नाही, असा एनसीएएचा, म्हणजे कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. प्रशिक्षकांना मात्र अशी मर्यादा नाही. वसंतातल्या सरावाला 15 दिवसच मिळतात. नवीन मुलांच्या चुकीच्या सवयी मोडून पाया नव्याने घालायचं काम तेव्हाच करावं लागतं.

आता या पेशातली वाटचाल. बहुतेकांची सुरुवात ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ म्हणून होते: पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं, शुल्क आणि थोडं विद्यावेतन मिळतं, त्या बदल्यात व्हिडिओ कापणं, प्रतिस्पर्ध्यांचे तक्ते काढणं, सरावाची पत्रकं तयार करणं. त्यानंतर विश्लेषक किंवा ‘क्वालिटी कंट्रोल’चं, म्हणजे पडद्यामागून तयारीत मदत करण्याचं पद, मग एखाद्या लहान विद्यापीठात एका जागेची जबाबदारी. 2018पासून मोठ्या संघांना मुख्य प्रशिक्षकाखाली 10 सहायक ठेवता येऊ लागले, त्याआधी 9च होते. 2024मध्ये नियम आणखी सैल झाला आणि विश्लेषकांनाही मैदानावर शिकवायची मुभा मिळाली. तरुणांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण त्याआधी वर्षानुवर्षं पडद्यामागे राहून शिकवण्याचा हात बसत नसे.

ब्रायन हार्टलाइन यांचं उदाहरण या पेशात वारंवार दिलं जातं. ओहायो स्टेट विद्यापीठाचे रिसीव्हर, 2009मध्ये एनएफएल निवडीत (व्यावसायिक संघ दरवर्षी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात ती) मायामी डॉल्फिन्स संघाने निवडलेले. 2012 आणि 2013 या दोन्ही हंगामांत त्यांनी झेलांतून हजारापेक्षा जास्त यार्ड कमावले. खेळ संपल्यावर 2017मध्ये ते जुन्या विद्यापीठात क्वालिटी कंट्रोलच्या साध्या पदावर परतले. 2018च्या हंगामाच्या तोंडावर रिसीव्हर प्रशिक्षकाची जागा अचानक रिकामी झाली आणि ती तात्पुरती त्यांच्याकडे आली. 2019पासून ते कायम झाले. त्यांच्या हाताखालच्या गॅरेट विल्सन आणि ख्रिस ओलावे यांना 2022च्या एनएफएल निवडीत 10वा आणि 11वा क्रमांक मिळाला. 2023मध्ये जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा 20वा, 2024मध्ये मार्विन हॅरिसन ज्युनियर 4था, 2025मध्ये एमेका एग्बुका 19वा. 1 जानेवारी 2022च्या रोझ बोल या कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या सामन्यात स्मिथ-एन्जिग्बाने 15 झेलांत 347 यार्ड केले, आणि त्या दिवशी विल्सन व ओलावे मैदानात नव्हते. एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली एकापेक्षा एक मुलं तयार होती, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. हार्टलाइन 2023मध्ये चढाईचे समन्वयक झाले, 2024च्या हंगामातल्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या वेळी ते संघात होते आणि 2025च्या डिसेंबरमध्ये साउथ फ्लोरिडा विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून निवडलं.

दुसरं उदाहरण या पेशातला धोका दाखवतं. डॅबो स्विनी अलाबामा विद्यापीठाच्या संघात शिष्यवृत्तीशिवाय शिरले, 1992च्या विजेत्या संघात होते, पुढे तिथेच रिसीव्हर प्रशिक्षक झाले. 2000च्या हंगामानंतर मुख्य प्रशिक्षक पायउतार झाले आणि त्यांच्याबरोबर सहायकांचीही नोकरी गेली. पुढची दोन वर्षं स्विनी बर्मिंगहॅममध्ये बांधकाम-मालमत्तेच्या व्यवसायात होते. 2003मध्ये क्लेमसन विद्यापीठाने त्यांना पुन्हा रिसीव्हर प्रशिक्षक म्हणून घेतलं. ऑक्टोबर 2008मध्ये हंगामाच्या मध्यात त्यांच्यावर तात्पुरतं मुख्य प्रशिक्षकपद आलं, मग ते कायम झालं, आणि 2016 व 2018च्या हंगामांत क्लेमसन राष्ट्रीय विजेता ठरला. सहायकाचं काम कितीही चांगलं असलं तरी त्याचं भवितव्य मुख्य प्रशिक्षकाशी बांधलेलं असतं. या पेशात येणाऱ्याच्या घरच्यांनीही हे आधीच समजून घ्यावं. दर काही वर्षांनी गाव बदलतं, मुलांच्या शाळा बदलतात.

शिकवण्याइतकाच वेळ मुलं निवडण्यात जातो. शाळांचे सामने, घरभेटी, फोन, आणि हे सगळं ठरलेल्या तारखांच्या चौकटीत. 2018मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही, ‘ट्रान्सफर पोर्टल’, सुरू झाली. 2021पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. त्यामुळे दोन वर्षं घडवलेला मुलगा एका सकाळी दुसऱ्या विद्यापीठात गेलेला असतो. जेमिसन विल्यम्स ओहायो स्टेटहून अलाबामाला गेला आणि 2022च्या एनएफएल निवडीत 12वा आला, ओलावेच्या लगोलग. अशा मुलाचं कौतुक करता येणं, हेही या कामात येतं.

आपल्या मुलांसाठी दार आहे ते फ्लॅग फुटबॉलचं. 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो पुरुष आणि महिला दोघांसाठी आहे. पाच-पाच खेळाडू, अंगावर झेप नाही, कमरेची पट्टी ओढली की डाव संपला. अडवणूक नसल्याने रिसीव्हरचं पायांचं कसब तिथे अधिकच मोलाचं.

सरांना आणि बाईंना विनंती आहे की एकदा हे करून पाहा. मैदानावर चुन्याच्या तीन खुणा: सुरुवात, 10 यार्ड म्हणजे 9 मीटरहून किंचित जास्त, आणि 12 यार्ड म्हणजे 11 मीटर. फेकणारा सुरुवातीच्या रेषेमागे पाच पावलं. धावणारा 12च्या खुणेपर्यंत पूर्ण वेगात जाईल, कंबर बसवून वळेल आणि 10च्या खुणेकडे परत येईल. चेंडू त्याचा चेहरा वळण्याआधीच हातातून सुटला पाहिजे. चेहरा दिसल्यावर फेकला तर बचावपटूला वेळ मिळतो. पहिले काही दिवस टेनिसचा चेंडू वापरा, म्हणजे नजर शेवटपर्यंत चेंडूवर ठेवावीच लागते. एका मुलाला सलग सहापेक्षा जास्त धावा देऊ नका, कारण दमलेला मुलगा गोल वळायला लागतो आणि तीच सवय बसते. खुणांवर नेमकं वळण येऊ लागलं की 12ची खूण पुसून टाका आणि तो पावलांच्या अंदाजाने तिथेच वळतो का ते पाहा.