फ्रीलान्सरने लॅपटॉपचा इन्शुरन्स काढावा का? सगळ्यांनी नाही

पावसाळा आला की आमच्या फ्रीलान्सर लोकांच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच, आणि उत्तरंही ठरलेली असतात, निम्मे म्हणतात काढून टाक आणि निम्मे म्हणतात क्लेम कुणाला मिळालाय आजवर. मला वाटतं आधी एवढंच बघा की उद्या मशीन गेलं तर परवा खिशातले पैसे घालून दुसरं आणता येईल का. येत असेल तर कशाला त्या भानगडीत पडता? पन्नास-साठ हजारांच्या लॅपटॉपवर ट्रान्सलेशन किंवा कंटेंटचं काम करणाऱ्याने दर महिन्याला थोडे पैसे वेगळ्या खात्यात टाकले तरी भागतं. पण ज्याने एडिटिंगसाठी वर्कस्टेशन, दोन मॉनिटर, कॅमेरा असं तीन-चार लाखांचं सामान ईएमआयवर जमवलंय त्याने मात्र काढावाच, कारण मशीन गेलं म्हणून हप्ता थांबत नाही.

आता काढायचा म्हणजे नक्की काय काढायचं, खरा घोळ इथे आहे. दुकानात बिल करताना जे गळ्यात मारतात ती बऱ्याचदा नुसती एक्स्टेंडेड वॉरंटी असते, म्हणजे आतून बिघडलं तर दुरुस्ती, कीबोर्डवर चहा सांडला तर काही नाही. ॲक्सिडेंटल डॅमेजचा प्लॅन वेगळा, तो चहाला चालतो, पण मशीन नवीन असतानाच घ्यावा लागतो आणि चोरी त्यात बहुतेक नसते.

काही जण म्हणतात माझा घराचा विमा आहे की. २०२१ च्या १ एप्रिलपासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी मिळते, घरासोबत सामान म्हणून इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरलं जातं. आग, पूर, वीज पडणं हे सगळं त्यात आहे. पुण्यात २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला पूर आला किंवा २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी शिरलं, तसं काही झालं तर ही पॉलिसी उपयोगाची. पण साधी चोरी मूळ पॉलिसीत नाहीच, आग-पूर झाल्यावर त्याच्यामुळे ७ दिवसांत झालेली चोरी तेवढी धरतात. शिवाय ही पॉलिसी घरगुती सामानाची आहे, तुमचं कमाईचं मशीन त्यात बसतं का हे कंपनीकडून मेलवर लिहून घ्या, एजंटच्या तोंडी "हो हो"ला क्लेमच्या वेळी काही किंमत नसते.

धंद्याच्या मशीनसाठी खरी पॉलिसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट इन्शुरन्स. व्होल्टेज वरखाली होऊन बोर्ड जळणं, शॉर्ट सर्किट, हातून पडणं, हे त्यात येतं (आमच्याकडे लाईट ज्या पद्धतीने जाते-येते ते बघता एवढ्यासाठीच पैसे द्यावेत असं वाटतं कधीकधी). पण दोन गोष्टी नीट बघा. पहिली, रक्कम. तसंच मशीन आज नवीन घ्यायला जेवढे पैसे लागतील तेवढ्याचा विमा काढावा लागतो. प्रीमियम वाचवायला १ लाख २० हजारांचं मशीन ६० हजारांचं दाखवलं आणि दुरुस्तीला ३० हजार आले तर कंपनी म्हणणार निम्म्याचाच विमा होता, घ्या १५ हजार, त्यातूनही ठरलेला एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः सोसायची रक्कम, कापणार. दुसरी, जागा. पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यावरच कव्हर असतं, लॅपटॉप घेऊन कॅफेत, को-वर्किंगला, गावाला जाणार असाल तर पोर्टेबल इक्विपमेंटचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं आणि ते स्वतःहून कुणी सांगत नाही. गाडीत ठेवून गेलो आणि गेला, किंवा कुठे विसरलो माहीत नाही, यावर क्लेम मिळणं कठीणच. चोरी असेल तर एफआयआर लागतो.

आणि डेटा! लोकांना वाटतं इन्शुरन्स आहे म्हणजे सगळं भरून निघेल. डेटाचं कव्हर घेतलं तरी फार तर तो परत उभा करायचा खर्च मिळतो, क्लायंटचं फुटेजच गेलं तर ते कंपनी कुठून आणणार, त्यामुळे बॅकअपची हार्ड डिस्क प्रीमियमच्या आधी घ्या.

टॅक्सचं पण सांगतो. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि प्रोफेशनल म्हणून निम्मं उत्पन्न नफा धरून प्रिझम्प्टिव्हमध्ये (म्हणजे खर्चाचा वेगळा हिशेब न देता) रिटर्न भरत असाल तर हा खर्च वेगळा दाखवता येत नाही, त्यामुळे "टॅक्समध्ये वाचेल" म्हणणाऱ्या एजंटचं ऐकू नका.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, तिथे नाही जमलं तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारं ऑफिस. पुण्यातलं ऑफिस नारायण पेठेत, न. चिं. केळकर रोडला आहे, तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, आणि एकट्याने प्रोप्रायटर म्हणून काम करणाऱ्याचीही तक्रार घेतात.

क्लायंटने पाठवलेला लॅपटॉप वापरत असाल तर तो कुणाच्या नावावर आहे, फुटला तर कुणी भरायचं, हे कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहून घ्या, तुमच्या पॉलिसीत तो आपोआप येत नाही. आणि काहीही काढा वा न काढा, बिल आणि सिरीयल नंबरचे फोटो मेलवर टाकून ठेवा, त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नको.