पाऊणकी

लहानपणीचे छंद कोणते, असे माझ्या वयाच्या माणसाला विचारले की पोस्टाची तिकिटे, काड्यापेट्यांचे छाप आणि रेडिओ ही उत्तरे ठरलेली असतात. मीही बरीच वर्षे तीच देत आलो. प्रत्यक्षात तिकिटांच्या वहीची चार पानेही माझ्याकडून भरली नाहीत. माझा खरा छंद गरवण्याचा, म्हणजे गळ टाकून मासे धरण्याचा होता, आणि दाभोळच्या खाडीकाठी त्याला छंद नव्हे, उनाडकी म्हणत असल्यामुळे तो चारचौघांत सांगण्याची सोय नव्हती.

साहित्य म्हणाल तर लाकडाच्या ढलपीला गुंडाळलेले तंगूस, म्हणजे मासेमारीचा दोरा, टोकाला शिशाची गोळी, तिच्यापासून वीतभर वर गरी, म्हणजे गळ, आणि गरीला सोललेली कोळंबी. काठी नव्हती. तंगूस उजव्या हाताच्या तर्जनीवरून सोडायचे आणि पाण्याखाली काय चालले आहे ते त्या एका पेरावर ओळखायचे. खेकडा आमिष कुरतडू लागला की तंगूस नुसतेच जड होते. तांबोशी आधी एक ठोका देऊन थांबते, त्या ठोक्याला हात आवरून दुसऱ्याला झटका द्यावा लागतो. शेंगाळा मात्र कसलीही पूर्वसूचना न देता ओढत सुटतो, आणि त्याला गरीवरून सोडवताना फडके घेतले नाही तर त्याच्या काट्याने ठणकणारा हात संध्याकाळी घरच्यांपासून लपवावा लागतो. तो लपत नसे, ही गोष्ट वेगळी.

गरवायला जायचे ते सुकती संपून पाणी चढू लागल्यावर, म्हणजे भरती पूर्ण होण्याआधीच्या दोन-तीन तासांत. ती कधी भरणार हे सांगणारे घड्याळ आमच्या भिंतीवर नव्हते, कॅलेंडर होते. तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, मग पंधरवडा शुद्ध असो की वद्य. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाव-अर्धा-पाऊणचे पाढे शाळेत घोकून घेतलेली वडिलांची पिढी हे हिशेब चालता चालता करी. मी पाऊणकी शिकलो ती मात्र केवळ माशांसाठी. हिशेब अगदी काटेकोर नव्हता. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, पाऊणकी ४५च धरते. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जात असल्याने दाभोळला पाणी मुंबईच्या आधी भरते. या दोन चुका एकमेकींना बऱ्याच अंशी सांभाळून घेतात, हे मला फार पुढे कळले.

या गणिताने माझ्यावर अन्यायही पुष्कळ केला. अष्टमीची सहाची भरती शाळा सुटल्यावर अगदी सोयीची, पण तेव्हा पाणी भांगाचे, म्हणजे मरगळलेले. उधाणाचा जोर त्याला कुठून असणार? रविवारी दुपारी तीनची भरती मिळावी म्हणून मी महिनाभर वाट बघायचो, आणि ती वद्य चतुर्थीची निघाली तर घरात संकष्टी. त्या दिवशी मासा उंबरठ्याच्या आत येणे शक्य नव्हते. पकडलेले सगळे मी तरीवरच्या होडीवाल्याला देऊन टाकी, आणि त्या दिवशी पलीकडे जाऊन येण्याचे पैसे तो घेत नसे.

तेव्हा तिथी केवळ उपासाची नव्हती. होडी धक्क्याला लागेल की घोट्याइतक्या चिखलातून चालावे लागेल, खडकांवरची कालवे काढायला बायका कधी निघतील, बाजारात कोळंबी कधी येईल, हे सगळे तिच्यावर ठरे. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली आणि खाडी ओलांडणे घड्याळावर आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आजारी माणसाला घेऊन गुहागरच्या वाटेने किंवा दापोलीला जाणाऱ्याला विचारा, तो त्या बोटीला हात जोडेल. गाडीतून न उतरता पलीकडे जाताना मीही तंगूस आठवून हळहळत बसत नाही.

गेल्या मे महिन्यात पुतण्याचा मुलगा पुण्याहून आला होता. सोबत रीळ लावलेली, दुर्बिणीसारखी उघडणारी काठी आणि फोनवर भरतीचे वेळापत्रक. ‘‘आजोबा, दोन बेचाळीसला आहे,’’ तो म्हणाला. मी मनातल्या मनात तीन काढले होते. दोन वाजून चाळीस मिनिटांनंतर धक्क्याच्या पायरीवरचे पाणी चढायचे थांबले, तेव्हा मी गुपचूप हार मान्य केली. तोवर त्याला एक तांबोशी आणि दोन शेंगाळे मिळाले होते. पहिल्याच ठोक्याला झटका देऊन त्याने आणखी तीन तरी घालवले. पिशवी नाचवत तो पुढे पळाला आणि मी मागून येईपर्यंत दारातच उभा होता, कारण आतून सूनबाईंचा आवाज आला होता, ‘‘तिथंच थांब. आज संकष्टी आहे.’’

आम्ही दोघे पिशवी घेऊन पुन्हा धक्क्याकडे निघालो. होडीवाला आता नाही. फेरीबोटीवर दोर बांधणाऱ्या मुलाने मासे आनंदाने घेतले, तिकीट मात्र लागले.