आमची वाटचाल : वेगवेगळ्या बोलींची यंत्रं एका स्क्रीनवर

भोसरीतल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आम्ही दोघा मित्रांनी टेबल टाकलं, तेव्हा पॅनल वायरिंगची कामं घ्यायचो. नेटवर्किंगकडे, म्हणजे यंत्रांना एकमेकांशी बोलतं करण्याकडे, वळलो ते एका फौंड्रीमुळे, धातूच्या ओतकामाच्या कारखान्यामुळे. तिथे विजेचे एनर्जी मीटर मॉडबसवर, मोटरचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह प्रोफिबसवर आणि जुन्या परदेशी मशीनचा पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक, त्याच्या कंपनीच्या बंदिस्त प्रोटोकॉलवर. प्रोटोकॉल म्हणजे यंत्रांची बोली; मॉडबस आणि प्रोफिबस या अशाच दोन बोली. मालकांना सगळं एकाच स्क्रीनवर हवं होतं.

पहिल्याच दिवशी मीटरवर 230.4 व्होल्ट आणि स्क्रीनवर चोवीस आकडी संख्या! व्होल्टेज बरोबर 230 झालं की स्क्रीनवर शून्य. वायरी तपासल्या, मीटर बदलून पाहिला. रात्री अकराला उलगडा झाला. मॉडबसचं एक रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा, 16 बिटांचं, आणि हे दशांशातलं मूल्य 32 बिटांचं, म्हणून ते दोन रजिस्टरांत विभागून येतं. त्यातला कुठला अर्धा भाग आधी, हे मीटरवाल्यांनी एक धरलं होतं, स्क्रीनवाल्यांनी दुसरं. क्रम उलटा केला आणि 230.4 उमटलं. मॉडबस 1979 पासूनचा, सर्वांना खुला. तरी प्रत्येक मॅन्युअल नव्याने वाचावं लागतं, हे त्या रात्री पक्कं झालं.

मग भट्टी सुरू झाली की स्क्रीनवरून मीटर गायब व्हायचे. आधीच्या माणसाने मीटरांची माहिती वाहून नेणारी आरएस-485 ची केबल चारी दिशांना फाटे फोडून नेली होती. आम्ही ती एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी सलग ओढली, सिग्नल टोकावरून उलटा फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर लावले आणि पॉवर केबलपासून लांब नेली. ड्राइव्हसाठी गेटवे, म्हणजे एका प्रोटोकॉलचं दुसऱ्यात भाषांतर करणारं उपकरण, बसवला.

बंदिस्त पीएलसीचं सॉफ्टवेअर मालकांना परवडणारं नव्हतं. म्हणून पीएलसीला हातही न लावता, ‘सायकल पूर्ण’ (मशीनच्या कामाची एक फेरी संपली) आणि ‘अलार्म’ हे दोन सिग्नल रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचच्या, मोकळ्या काँटॅक्टवरून घेतले. स्वतः पैसे मोजून घेतलेल्या मशीनची साधी माहिती मिळवायला कारखानदाराला एवढी धडपड करावी लागते, याची मला आजही चीड येते.

म्हणूनच आम्ही कामात काही झाकून ठेवत नाही. रजिस्टरांची पूर्ण यादी, नेटवर्कवरचे पत्ते आणि बॉड रेट (माहिती पाठवायचा वेग) यांसकट, लॅमिनेट करून पॅनलच्या दाराला आतून चिकटवतो.

परवा त्याच फौंड्रीत गेलो होतो. तिथल्या इलेक्ट्रिशियनने आम्हाला न बोलावता नवा मीटर जोडला होता. यादीखाली मार्करने त्याची ओळ लिहिलेली होती, पत्त्यासकट.