कंपासशिवाय वर्तुळ

माझ्या वर्गात कंपासपेटी येत नाही. कर्कटक, धातूची पट्टी, शार्पनर, स्टेपलच्या पिना असलेली वही, यातलं काहीही सुधारगृहाच्या दुसऱ्या दारातून आत जात नाही. वह्या दोऱ्याने शिवलेल्या लागतात. पेन्सिली मी घरूनच टोक काढून, अर्ध्या कापून आणते. चौदा मोजून द्यायच्या, चौदा मोजून घ्यायच्या. तेरा भरल्या तर चौदावी सापडेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. एकदा ती माझ्याच अंबाड्यात निघाली, आणि तोवर दोन मुलांची झडती घेऊन झाली होती. मी दोघांची माफी मागितली. एक "असू दे बाई" म्हणाला, दुसरा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं.

इथे येण्याआधी एकवीस वर्षं मी साध्या शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे कंपास मिळणार नाही म्हटल्यावर पहिल्या आठवड्यात फार चिडचिड झाली. वर्तुळाचा धडा काय तोंडी शिकवू? दारावरच्या गार्डकाकांनी ते ऐकलं आणि आपल्या डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण पुसून पुढे केलं. "हे चालतंय का बघा, मॅडम." (मी मुलांची बाई आणि काकांची मॅडम. ही वाटणी कोणी केली कोण जाणे, पण सात वर्षांत बदललेली नाही.)

झाकण चाललं, पण त्याने एक घोटाळा केला. कंपासने वर्तुळ काढताना केंद्र आधी येतं. टोक रुतल्याची भोकं वहीभर असतात. झाकणाभोवती पेन्सिल फिरवली की घेर मिळतो, केंद्र कुठेच नसतं. "मग शोधा," मी म्हटलं. कोणी अंदाजाने ठिपका दिला, कोणी पेन्सिलीच्या तुकड्याने मापं घ्यायला लागलं. एकजण तोवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याने कडेकडेने नखाने कागद फाडत ते वर्तुळ वेगळंच काढलं, कारण कात्री नसतेच. काठाला काठ जुळवून घडी घातली, उलगडली, दुसऱ्या बाजूने पुन्हा घातली. दोन घड्या एकमेकींना जिथे छेदत होत्या तिथे बोट ठेवून म्हणाला, "हे घ्या." घडी म्हणजे व्यास आणि कुठलेही दोन व्यास केंद्रातच भेटतात, हे मी फळ्यावर नंतर लिहिलं. साध्या शाळेत माझ्या एकाही विद्यार्थ्यावर केंद्र शोधायची वेळ आली नव्हती. मलाही तो प्रश्न कधी सुचला नव्हता.

हा तास मी अजूनही प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी देते. त्याचं मुख्य कारण इतकंच की तो चाळीस मिनिटांत संपतो.

उद्या वर्गात कोण असेल हे मला आज ठाऊक नसतं. कोणाची कोर्टात तारीख, कोणाला जामीन, कोणाची रातोरात दुसरीकडे रवानगी. काही मुलं चार दिवस असतात, काही आठ महिने, आणि कोण कुठल्या गटातलं हे त्या मुलालाही माहीत नसतं. मानवाधिकारांचे अभ्यासक मॅनफ्रेड नोवाक यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी कैदेतल्या मुलांवर केलेला मोठा अभ्यास २०१९ साली आला. त्यात जगभरात खटल्याआधीच्या कोठडीत किंवा तुरुंगात दरवर्षी निदान ४ लाख १० हजार मुलं असतात असा अंदाज आहे. माझ्या मनात त्यातला 'खटल्याआधीच्या' हा शब्द राहिला. निकालच न लागलेल्या मुलाच्या अभ्यासाची आखणी कुठल्या महिन्यापर्यंत करायची? पहिल्या वर्षी मी नेहमीसारखे धडे लावले, तीन-तीन आठवड्यांचे. अपूर्णांकांची बेरीज सुरू केली आणि छेद समान करण्यापर्यंत पोचलो तर अर्धा वर्ग बदललेला. "उरलेलं उद्या बघू" हे वाक्य तेव्हापासून मी टाकलं. ज्याला आज सुरुवात, त्याचा शेवटही आजच.

ही पद्धत निर्दोष नाही, हे सांगून टाकते. सुटे सुटे तास घेऊन बीजगणित येत नाही. ते एकावर एक रचावं लागतं, त्याला महिने लागतात. जी मुलं जास्त दिवस राहतात त्यांचं यात नुकसान होतं आणि नेमकी तीच शिकण्याच्या सगळ्यात जवळ आलेली असतात. मी प्रत्येकाची एक पुठ्ठ्याची फाइल करते. त्यात त्याला काय येतं तेवढंच लिहिते, काय येत नाही ते नाही, कारण ते लिहायला बाकीचे कागद आहेत. जाताना ती त्याच्याच हातात द्यायची असा माझा आग्रह असतो. रवानगी रात्री झाली तर ती माझ्या कपाटात राहते. पुढच्या ठिकाणी पाठवते. पोचते की नाही, कळत नाही.

आता वाचनाबद्दल. नोंदवहीत 'नववी' लिहिलेलं असतं. ते शाळेच्या पटावर नाव कुठवर होतं त्याचं मोजमाप. मुलगा शाळेत कधीपर्यंत गेला हा वेगळाच हिशोब. एक सोळा वर्षांचा मुलगा होता (ओळखू येऊ नये म्हणून दोन-तीन तपशील बदललेत). त्याची वाचायची पाळी जवळ आली की तो हमखास शेजारच्याला कोपर मारायचा. भांडण, गार्डकाका, बाहेर. पाचव्या वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. याला अक्षरं ओळखता येत नाहीत, आणि 'येत नाही' म्हणण्यापेक्षा 'मारामारी करतो' हे नाव त्याला परवडत होतं. आकडे मात्र तोंडावर. "आत येऊन एकेचाळीस दिवस, पुढची तारीख नऊ दिवसांनी, म्हणजे पन्नासाव्या दिवशी," हे तो मान वर न करता सांगायचा.

त्याच्यासमोर बदकं आणि फुगे छापलेलं पहिलीचं पुस्तक ठेवायची माझी छाती नव्हती. मिसरूड फुटलेल्या मुलाच्या हातात ते देणं म्हणजे बाकीच्या तेरांना आयतं निमंत्रण. म्हणून वर्ग सुटल्यावर दहा मिनिटं त्याला थांबवून म्हटलं, घरी पत्र लिहायचंय का, तू सांग, मी लिहिते. बराच वेळ गप्प राहून त्याने सांगितलं ते असं: "आई, मी बरा आहे. माझी सायकल धाकट्याला दे. पुढचा ब्रेक लागत नाही ते त्याला सांग." तेच आमचं पाठ्यपुस्तक झालं. तो त्याचाच मजकूर असल्यामुळे कुठे काय लिहिलंय ते त्याला पाठ होतं. नजर आणि आवाज जुळवायचं काम तेवढं उरलं होतं. 'ब्रेक'मधला ब्र त्याला ब-च्या आधी आला. जोडाक्षरं शेवटी शिकवायची हे डी.एड.ला घोकलेलं, माझ्या जुन्या मुख्याध्यापिकांनी बघितलं असतं तर कपाळाला हात लावला असता. सव्वादोन महिन्यांत त्याची तेरा पत्रं झाली. शेवटची चार त्याने स्वतः लिहिली, ऱ्हस्व-दीर्घाचा आनंद होता, पण मी एकही वेलांटी सुधारली नाही.

कोणी काय केलंय हे मी विचारत नाही. हा काही मोठेपणा नव्हे. एकदा, फक्त एकदा, मी एका मुलाचे कागद वाचले. दुसऱ्या दिवशी तो बेरीज दाखवायला जवळ आला तेव्हा माझा हात आपोआप पर्सकडे गेला. त्याने ते पाहिलं, बेरीज न दाखवता जागेवर जाऊन बसला. तेव्हापासून ते कागद असलेल्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते हेही मी विचारलेलं नाही.

"शिक्षक म्हणजे शिक्षा देणारा ना?" हा विनोद वर्षातून दोनदा तरी होतो आणि करणाऱ्याला आपल्यालाच तो पहिल्यांदा सुचला असं वाटतं. मी हसते. पण आत काम करणाऱ्याला त्यात हसण्यासारखं थोडंच सापडतं. इंग्लंडमधल्या समाजसुधारक मेरी कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवुडला अशाच मुलांसाठी शाळा काढली. यांना तुरुंग नको, शाळा द्या, ही त्यांची मागणी. १८५४ मध्ये ब्रिटनमध्ये तसा कायदा झालाही, पण अट घालून: मुलाने आधी किमान १४ दिवस तुरुंगात काढायचे, मग शाळा. कार्पेंटर यांचा तिला विरोध होता. ती अट निघायला १८९९ उजाडलं. आमच्याकडे रात्री झोपायच्या खोलीत मारामारी झाली की सकाळी निरोप येतो, "आज वर्ग नाही." कधी आठवडाभर नाही. ज्याने मारलं त्यालाही नाही, ज्याने खाल्लं त्यालाही नाही. एवढ्या वर्षांत जेवण, झोप, मोजणी यातलं काही कधी रद्द झालेलं नाही. रद्द होतो तो वर्ग. मी दर वेळी लेखी विचारते की का. उत्तर 'सुरक्षेच्या कारणास्तव'. त्या उत्तरांचा गठ्ठा आता बोटभर जाड झालाय.

गेल्या वर्षी एक मुलगा दहावीला बसला. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा अर्ज भरला, पोलिसांच्या गाडीतून केंद्रावर गेला, साध्या कपड्यांतल्या शिपायाने वर्गाबाहेर थांबायचं हे बरंच भांडून कबूल करून घेतलं. पास झाला. गणितात एकाहत्तर. प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यावर शाळेच्या नावाच्या रकान्यात आमच्या संस्थेचं पूर्ण नाव, 'सुधारगृह' या शब्दासकट. त्याने ते हातात घेतलं, वाचलं, टेबलावर उलटं ठेवलं. "बाई, हे मी कोणाला दाखवू?"

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर १९९० रोजी कैदेतल्या मुलांसाठी नियम मंजूर केले. हवाना नियम म्हणतात त्यांना. ३८वा नियम म्हणतो की शक्य तिथे या मुलांचं शिक्षण बाहेरच्या शाळेत व्हावं, शिकवणारे पात्र शिक्षक असावेत आणि सुटल्यावर शिक्षण पुढे चालू ठेवायला अडचण येऊ नये. ४०वा त्याहून छोटा: प्रमाणपत्रावरून मुलगा अशा ठिकाणी होता हे कुठल्याही प्रकारे कळता कामा नये. तो कागद घेऊन मी संबंधित कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे वाचून विचारलं, "हे बंधनकारक आहे का?" नाही, हे नियम म्हणजे करार नव्हे. मी तसं खरं सांगितलं. मग म्हटलं, बंधनकारक नसलं तरी एक ओळ बदलायला काय हरकत आहे? त्यांनी हरकत सांगितली नाही, अर्ज ठेवून घेतला. सहा फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला त्याच बाई हळूच म्हणाल्या, "माझाही मुलगा दहावीलाच आहे," आणि फाइल गठ्ठ्यात वर सरकवली.

नवं प्रमाणपत्र पाच महिन्यांनी आलं. त्या आधीच मुलगा सुटला होता. मागच्या महिन्यात त्याचा संस्थेच्या फोनवर फोन आला. गार्डकाकांनी मला हाक मारली.

"बाई, तो कागद आला का?"

"आला."

"वर काय लिहिलंय?"

मी पाकीट उघडून वाचून दाखवलं. नाव, बैठक क्रमांक, विषय, गुण.

"अजून?"

"अजून काही नाही."

"खालती? शिक्क्यात?"

मी शिक्का उजेडाकडे धरून वाचला. परीक्षा मंडळाचं नाव, तेवढंच.

"मंगळवारी येतो," तो म्हणाला. "दाराबाहेर याल का, बाई? आत नाही येत मी."

चार मंगळवार झाले. वर्ग सुटला, पेन्सिली मोजून घेतल्या की मी पाकीट घेऊन बाहेरच्या कठड्यावर अर्धा तास बसते. गार्डकाका आतून विचारतात, "आला का?"